सातव्या झाडातला आवाज

मित्रांनो, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. तुम्हाला ताप आला, खोकला झाला की माझ्यासारखाच कोणीतरी तुमच्या छातीवर टेकत असे आणि त्याची गार चकती लागताच तुम्ही अंग चोरून घेत होता. डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप तो मीच. पण माझ्या आयुष्याची शेवटची वर्षे माणसांच्या छातीवर गेली नाहीत. ती झाडांच्या खोडावर गेली. आता माझी रबरी नळी चिरली आहे, चकतीच्या कडेला गंज चढला आहे, आणि मी एका टेबलाच्या खणात दोरीचे रीळ, टाचण्या आणि भिंग यांच्या शेजारी पडून आहे. सांगायला माझ्याजवळ भरपूर वेळ आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलावर बायका नळ्या जोडत बसत. सर्वांत शेवटी एक चष्मेवाली बाई होती. ती तयार झालेला प्रत्येक स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावून बघे आणि मगच खोक्यात ठेवी. त्यामुळे मी ऐकलेला पहिला आवाज तिच्या काळजाचा होता. तिने मान हलवली आणि मला खोक्यात ठेवले. माझे काम काय आहे, ते मला तेव्हाच कळले. आवाज इकडून तिकडे पोचवायचा. त्याचा अर्थ लावायचा नाही, त्यात भर घालायची नाही, आणि त्यातले काही खायचेही नाही.

मी एका डॉक्टरांकडे आलो. त्यांचा दवाखाना रस्त्याच्या कडेला तळमजल्यावर होता आणि घर वरच्या मजल्यावर. त्या रस्त्यावर दुतर्फा उंच, रुंद पानांची एकतीस झाडे होती. उन्हाळ्यात रोगी आत गर्दी न करता झाडाखालीच थांबत आणि नंबर आला की आत येत. चौतीस वर्षे मी त्या डॉक्टरांच्या गळ्यात होतो. डॉक्टरांच्या कानातून काही सुटत नाही, असे लोक म्हणत. ते ऐकून डॉक्टर हसत आणि मला नीट घडी करून खिशात ठेवत. माझी चकती ते रोज स्पिरिटने पुसत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग हळूहळू डॉक्टरांना कमी ऐकू येऊ लागले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दाराची घंटा. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. ते मला रोग्याच्या छातीवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवू लागले. रोग्यांना वाटे, डॉक्टर किती काळजीने तपासतात. मी आवाज पोचवत होतो. पलीकडे तो कोणी घेत नव्हता.

एका सकाळी डॉक्टरांच्या पत्नी वरून खाली आल्या. तीन आठवडे त्यांचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी मला त्यांच्या पाठीला लावले. डाव्या बाजूला खाली, श्वास आत जाताना कागद चुरगाळल्यासारखी करकर येत होती. मी ती जशीच्या तशी वर पाठवली. डॉक्टरांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “साफ आहे.”

पत्नींनी वळून नवऱ्याकडे बघितले. “अहो, नीट ऐकलंत ना?”

“हो. साधा खोकला आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि गुंड्या लावून वर निघून गेल्या.

पुढे दोन महिन्यांनी मोठ्या इस्पितळात कळले की फुप्फुसात पाणी झाले होते आणि त्या पाण्यामागे आणखी काही होते. तोवर उशीर झाला होता. त्या गेल्या. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. वय झाले, असे त्यांनी लोकांना सांगितले. मला त्यांनी दारामागच्या खिळ्याला अडकवले आणि नंतर माझ्याकडे बघायचे टाळले. मी दोन वर्षे तिथे धूळ खात होतो.

डॉक्टरांना एकच मुलगी. तिला ते अजूनही चिंगी म्हणत, जरी तिची चाळिशी जवळ आली होती. ती डॉक्टर झाली नाही, याचे त्यांना वाईट वाटे. ती किडामुंगीचे शिक्षण घेऊन नगरपालिकेच्या उद्यान विभागात लागली होती. शहरातली झाडे तपासायची, रोग असेल तर लिहून ठेवायचा, हे तिचे काम. वडिलांबरोबर तीही त्याच घरात राहत होती.

एके दिवशी ती मान वाकडी करून घरी आली. तिने घरासमोरच्याच एका झाडाला कान लावला होता आणि कानात मुंगी शिरली होती. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवले आणि कानात तेलाचे दोन थेंब सोडले. मुंगी निघाली. झाडाला कान कशाला लावायचा, असे डॉक्टरांनी विचारले. तिने सांगितले की खोडाच्या आत काहीतरी लाकूड खात आहे अशी तिला शंका आहे, पण रस्त्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही. बोलता बोलता तिची नजर दारामागे गेली.

“बाबा, हा मी घेऊ?”

डॉक्टरांनी खिळ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “घे. माणसांचं त्याचं काम संपलंय.”

तिने मला ओल्या फडक्याने पुसले. नळी एका जागी चिरली होती. ती मला घेऊन खाली सायकलवाल्याकडे गेली. सायकलवाला सातव्या झाडाखाली वीस वर्षे सायकली दुरुस्त करत होता. झाडाच्या फांदीला त्याने जुनी चाके टांगली होती, आणि बुंध्याशी पाण्याचे घमेले असे. पंक्चर कुठे आहे हे तो ट्यूब त्या पाण्यात बुडवून शोधत असे. त्याने माझी नळी बघितली, घासली, सोल्यूशन लावले आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. “ताई, आता हा डॉक्टरांचा राहिला नाही, आमच्यातला झाला,” तो म्हणाला.

तिने मला तिथेच सातव्या झाडाला लावले.

मित्रांनो, मी हजारो छात्या ऐकल्या आहेत. पण तो आवाज मला नवा होता. करर, करर, मग थोडी विश्रांती, पुन्हा करर. झोपेत कोणी दात खावेत तसा. सालीच्या आत दोन बोटे खोल एक पांढरी, जाड अळी लाकूड कुरतडत होती. ती खोडकिड्याची अळी. या अळ्या लाकडात बोगदे करत एक-दोन वर्षे आत राहतात, मग भुंगेरे होऊन भोक पाडून बाहेर पडतात आणि शेजारच्या झाडावर अंडी घालतात. झाडाला पाणी आणि अन्न वर पोचवणाऱ्या वाटा सालीखालीच असतात. त्या वाटाच तोडल्या जातात. वरून झाड हिरवे दिसते आणि आत ते उपाशी मरत असते.

चिंगीने एकतीसही झाडे तपासली. चोवीस झाडांत आवाज होता. गावाबाहेरच्या गोदामात परदेशातून लाकडी खोक्यांतून माल येत असे, त्यातून हा किडा आला असावा, असे तिने अहवालात लिहिले. औषध फवारून उपयोग नाही, कारण ते सालीच्या आत पोचत नाही, हेही लिहिले. आणि उपाय म्हणून तिने एका माशीचे नाव सुचवले.

ती माशी गांधीलमाशीच्या कुळातली, पण तांदळाच्या दाण्याएवढी. माणसाला ती डसत नाही. दुसऱ्या शहरातल्या कीटक प्रयोगशाळेत ती वाढवतात. चार महिने पत्रव्यवहार करून चिंगीने परवानगी मिळवली आणि थंडी सरल्यावर तीनशे माश्या कागदी पेल्यांतून आल्या. तिने एकेक पेला झाडाच्या फांदीला बांधला आणि झाकण काढले.

त्यांचे काम मी अगदी जवळून पाहिले, कारण चिंगी मला खोडाला टेकवून त्याच जागी त्यांची वाट बघत उभी राहायची. माशी सालीवर चालत येते. पुढच्या मिशांनी सालीवर टकटक करते. मग पाय रोवून थांबते. आतली अळी हलली की तो थरथराट तिला पायांतून कळतो. मी जे काम करतो, तेच ती करते, आणि तिला नळी लागत नाही. जागा सापडली की ती शेपटीकडची सुई सालीत घालते. ती सुई केसाहून बारीक असते, तरी साल भेदून आत जाते. अळीला डंख बसतो आणि ती लुळी पडते. मग माशी तिच्या अंगावर चार-पाच अंडी घालते. त्या अंड्यांतून निघालेली पिले अळीला खातात, तिच्याच बोगद्यात कोश विणतात, आणि नवी माशी होऊन बाहेर येतात. ऐकायला क्रूर वाटते. पण त्या झाडाला मदत करणारे त्या क्षणी जगात दुसरे कोणी नव्हते.

सायकलवाला हे सर्व घमेल्याशेजारी बसून लक्षपूर्वक ऐकायचा. “म्हणजे ताई, हीसुद्धा पंक्चरच शोधते,” तो म्हणाला. “फक्त आम्ही भोक बुजवतो, ही पाडते.” चिंगी खूप दिवसांनी हसली.

त्या वर्षाच्या शेवटी वाऱ्याने चौथ्या झाडाची एक फांदी मोडली. चिंगीने ती सायकलवाल्याच्या दुकानातच चिरली. बोगद्यात अळीचे नुसते रिकामे कातडे होते आणि शेजारी पाच पिवळसर कोश, ओळीने, तांदूळ मांडावेत तसे. तिने भिंगातून बघितले, मग भिंग सायकलवाल्याला दिले. दोघे आळीपाळीने बघत राहिले. मग त्याने चहा मागवला. त्या दिवशी घरी येऊन तिने डॉक्टरांनाही सांगितले. डॉक्टर म्हणाले, “छान, छान.” ती काय म्हणाली हे त्यांना ऐकू आले नव्हते. चेहऱ्यावरून चांगली बातमी आहे एवढे त्यांनी ओळखले होते.

पुढच्या वर्षी थंडी संपली आणि माश्यांची नवी पिढी बाहेर येऊ लागली. सकाळच्या उन्हात खोडांवर त्या चालताना दिसत. मात्र किड्यांच्या मानाने त्या थोड्या होत्या. आणखी एक खेप सोडली तर तोल साधेल, असा चिंगीचा हिशेब होता. ती खेप आणायला ती स्वतः चार दिवसांसाठी त्या दुसऱ्या शहरी गेली. मला तिने घरीच ठेवले, खिळ्याला.

ती गेली त्याच दिवशी आमच्याच रस्त्यावर घर असलेल्या एका शिंपिणीच्या मुलीला गांधीलमाशी डसली. ओठ सुजला, एक डोळा मिटला. ती गांधीलमाशी त्यांच्याच गॅलरीखालच्या पोळ्यातली होती, झाडावरची नव्हे. पण झाडांवर माश्या सोडल्या आहेत हे त्या आईला माहीत होते, आणि मुलीचा चेहरा तिच्या समोर होता. तिने सह्या गोळा केल्या. तिला मी दोष देत नाही. कोणत्याही आईने हेच केले असते.

दुसऱ्या दिवशी उद्यान विभागाचे साहेब आले. ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, आणि त्यांच्या काखेत एक फाइल होती. त्यांनी वर येऊन डॉक्टरांना नमस्कार केला आणि जवळ बसून मोठ्याने सांगितले, त्यांचा आवाज मुळातच मोठा होता. लोक म्हणतात माश्या नकोत. तुमची मुलगी म्हणते झाडात किडा आहे. ती इथे नाही. दोन दिवसांत मला निर्णय द्यायचा आहे.

“डॉक्टर, मला फाइलवर एकच वाक्य लिहायचं आहे. तुम्ही या रस्त्याची चौतीस वर्षं तपासणी केलीत. तुम्हीच ऐकून सांगा, आत काही आहे की नाही.”

डॉक्टरांना त्या क्षणी नाही म्हणता आले असते. पण कितीतरी दिवसांनी कोणी त्यांना काही तपासायला बोलावले होते. त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि चकती सदऱ्याला पुसली.

खाली सातव्या झाडापाशी माणसे जमली होती. बहुतेक त्यांचे जुने रोगी. शिंपीण मुलीचा हात धरून उभी होती. डॉक्टरांना वाट करून देण्यात आली. त्यांनी मला कानाला लावले आणि चकती खोडावर टेकवली.

मित्रांनो, आतला आवाज त्या दिवशी इतका स्पष्ट होता. एक नव्हे, तीन अळ्या होत्या. एक अगदी चकतीखाली होती. करर, करर. मी होता नव्हता तेवढा जीव लावून तो आवाज वर पाठवला. डॉक्टरांनी डोळे मिटले. त्यांनी मला हातभर वर सरकवले, मग खाली. लोक बघत होते. कोणीतरी कौतुकाने म्हणाले, बघा, अजून तसेच तपासतात.

डॉक्टरांनी डोळे उघडले. “साफ आहे,” ते म्हणाले.

सायकलवाला घमेल्यामागून उठला. “साहेब, मला येतो आवाज. मी रोज ऐकतो. खोडाला पाठ टेकून बसलो तरी कळतं.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?” साहेबांनी विचारले. काही जण हसले. सायकलवाला पुन्हा खाली बसला. डॉक्टरांना त्याचे बोलणे ऐकू आले नाही. लोक का हसले, हेही त्यांना कळले नाही. तेही थोडे हसले.

किडा नाही, मग माश्या कशाला? साहेबांनी तिथेच खोडाला फाइल टेकवून लिहिले. दुसऱ्या सकाळी टाकी घेऊन दोन माणसे आली आणि त्यांनी एकतीस झाडांच्या खोडांवर माश्या मारायचे औषध फवारले. डॉक्टर मला गळ्यातून काढायचे विसरले होते. ते तसेच खिडकीत उभे राहून बघत होते. वरून माश्या दिसत नव्हत्या. त्या फार लहान होत्या. त्या सायकलवाल्याला दिसल्या. त्याच्या घमेल्याच्या पाण्यावर काळे दाणे सांडल्यासारख्या त्या तरंगत होत्या. त्याने त्या बोटाच्या टोकाने एकेक उचलल्या आणि रबराच्या ठिगळांच्या डबीत ठेवल्या. चौऱ्याहत्तर भरल्या. खोडातल्या अळ्यांना या औषधाचा वासही लागला नाही.

चिंगी परत आली ती दोनशे साठ जिवंत माश्या घेऊन. सायकलवाल्याने तिला डबी उघडून दाखवली आणि काय झाले ते सांगितले. ती वर आली. खोके टेबलावर ठेवले.

“बाबा, तुम्ही कुठल्या झाडाला लावलात हा?”

तिला दोनदा विचारावे लागले. “सातव्या,” ते म्हणाले.

ती मला घेऊन खाली गेली, सातव्या झाडाला लावले, मिनिटभर ऐकले आणि परत आली. मला तिने टेबलावर ठेवले. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला फाइल दाखवली. डॉक्टरांचे मत आहे, सह्या आहेत, फवारणी झाली आहे. आता त्यांच्या हातात काही नव्हते. आणि परवानगी असती तरी उपयोग नव्हता. सालीवरचे औषध अडीच-तीन महिने राहणार होते. माशी बसली की मरणार. माश्यांचे आयुष्य जेमतेम तीन आठवड्यांचे. प्रयोगशाळा खेप परत घेत नव्हती, आणि किडा लागलेली दुसरी झाडे जवळपास नव्हती.

ते खोके आमच्या टेबलावरच राहिले. त्याला एका बाजूने जाळी होती. चिंगी रोज कापसाचा बोळा मधाच्या पाण्यात भिजवून आत ठेवी आणि मेलेल्या माश्या चिमट्याने काढी. ज्या जिवंत होत्या त्या खोक्याच्या लाकडी तळावर मिशांनी टकटक करत फिरायच्या. थांबायच्या. पुन्हा टकटक करायच्या. त्या लाकडात काहीच नव्हते. ती कामावर गेली की डॉक्टर खोक्यासमोर खुर्ची ओढून बसत. चौथ्या दिवसापासून बोळा बदलायचे काम त्यांनीच घेतले. “किती राहिल्या?” ती आल्यावर विचारी. ते बोटांनी किंवा कागदावर आकडा दाखवत. एकशे नव्वद. एकशे दहा. सदतीस.

अकरा उरल्या त्या दिवशी डॉक्टरांनी आकडा दाखवला नाही.

“चिंगे, मला झाडातलं काही ऐकू आलं नव्हतं.”

ती बूट सोडत होती. तिने वर बघितले. “मग साफ आहे का म्हणालात?” ती मोठ्याने आणि सावकाश बोलली, त्यांना कळेल असे.

“सगळे बघत होते.” मग ते म्हणाले, “तुझ्या आईच्या वेळीही मला काही ऐकू आलं नव्हतं.”

मी टेबलावरच होतो. चिंगी बराच वेळ एका पायात बूट घालून बसून राहिली.

“आईला ठाऊक होतं?”

“तिनं विचारलं होतं. नीट ऐकलंत ना, म्हणून. मी हो म्हणालो.”

चिंगी उठली, तिने खोक्याच्या जाळीवर रुमाल टाकला आणि आपल्या खोलीत गेली. पुढचे नऊ दिवस ती त्यांच्याशी जेवण आणि औषध यांपलीकडे बोलली नाही. त्या नऊ दिवसांत अकराही माश्या मेल्या. दहाव्या दिवशी ती त्यांना कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि त्यांनीही ते मागितले नाही.

डॉक्टरांना ऐकायचे यंत्र मिळाले. ते दोन्ही कानांत बसते, म्हणजे जिथे माझी टोके बसायची तिथेच. त्यामुळे मी त्यांच्या कानाला पुन्हा कधी लागणार नव्हतो. त्यांनी आपल्या हाताने साहेबांना पत्र लिहिले. मला ऐकू येत नाही, हे लपवून मी मत दिले, ते खोटे धरावे, माझ्या मुलीचा अहवाल खरा आहे. जुने रोगी वाचतील म्हणून त्याची एक प्रत त्यांनी दवाखान्याच्या बंद दारावर चिकटवली. शिंपिणीने ती वाचली आणि वर येऊन त्यांच्यासमोर रडली. सायकलवाल्याने वाचली आणि तो पुन्हा घमेल्यामागे जाऊन बसला. साहेबांचे उत्तर आले. फाइल बंद झाली आहे. नव्याने अर्ज करावा.

अर्ज केला. तो फिरत राहिला. उन्हाळ्यात झाडांचे शेंडे वाळले. बुंध्याशी पिवळा भुसा साचू लागला. पाने वेळेआधी गळली. मग वरून आदेश आला की किडा शहरभर पसरू नये म्हणून या रस्त्यावरची सर्व झाडे तोडावीत, आवाज असलेली आणि नसलेलीही. आदेशासोबत चिंगीचाच पहिला अहवाल जोडला होता. किडा आहे, हे आता सर्वांना मान्य होते.

थंडी सरता सरता करवत आली. एकतीस झाडांना अकरा दिवस लागले. सायकलवाल्याने चाके काढून घेतली आणि घमेले उचलून समोरच्या भिंतीखाली नेले. तिथे दुपारी ऊन येते. तो डोक्याला फडके बांधून बसतो.

तोडलेले लाकूड जागच्या जागी यंत्रात घालून त्याचा चुरा करायचा नियम होता. चिंगीने मागून मागून सातव्या झाडाचा हातभर ओंडका मिळवला. तो तिने काचेचे झाकण असलेल्या पत्र्याच्या पिंपात घालून दवाखान्याच्या रिकाम्या खोलीत ठेवला. त्यातून काय बाहेर येते, हे तिला बघायचे होते. डॉक्टर रोज सकाळी खाली उतरून पिंपाशी बसत. यंत्रामुळे त्यांना आता पिंपाच्या पत्र्यावर भुंगेरे आपटल्याचे कळत असे. अठ्ठावीस दिवसांत एकेचाळीस भुंगेरे निघाले. चिंगीने ते स्पिरिटच्या बाटलीत टाकले.

तिसाव्या दिवशी ती झाकणाच्या काचेपाशी वाकली आणि तशीच राहिली. मग तिने भिंग मागितले.

“काय निघालं?” डॉक्टरांनी विचारले.

“माश्या. दोन.”

डॉक्टर खुर्ची सोडून उभे राहिले. फवारणीच्या वेळी एखादी माशी सालीखाली कोशात असणार. औषध ओसरल्यावर ती बाहेर आली असणार, आणि तिला सातवे झाड सापडले असणार. एकटीने तिने ऐकले, भेदले, अंडी घातली. त्या मधल्या काळात डॉक्टरांनी चिंगीची सारी पुस्तके वाचून काढली होती. त्यांनी विचारले, “त्यात मादी आहे?”

चिंगी पुन्हा वाकली. या माश्यांमध्ये आईला नर भेटला नाही, तर तिच्या पोटी फक्त नरच येतात. त्यांची शेपूट आखूड असते, सुई नसते. मादीशिवाय ते वंश पुढे वाढवू शकत नाहीत.

“नाही,” ती म्हणाली. “दोघेही नर.”

डॉक्टर खाली बसले. चिंगीने मधाचा बोळा भिजवला आणि आत ठेवला. ते दोघे नर आठ दिवस जगले.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने साधन शेवटी हात जोडून म्हणते, मला जपा, फेकू नका. मी ते म्हणणार नाही. नळी तुटली तर नवी मिळते. माझे मागणे वेगळे आहे. तुम्हाला कधी कोणी काही ऐकायला सांगेल, माणसाच्या छातीतले, झाडाच्या खोडातले, दुसऱ्याच्या तक्रारीतले. आणि कधी कधी तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. चार लोक बघत असतील. त्या वेळी डोळे मिटू नका, मान हलवू नका. मला ऐकू आलं नाही, असे सरळ सांगा आणि नळी शेजारच्या माणसाच्या हातात द्या. घमेल्यामागे कोणीतरी बसलेले असते, त्याला ऐकू येत असते.

चिंगी परवा मला खणातून काढून शहराच्या पलीकडच्या टोकाला घेऊन गेली होती. तिथल्या शाळेच्या आवारात नऊ झाडे आहेत. सातांत आवाज आहे. तिने अहवाल लिहून दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही.